वर्गाची खोली काय शिकवते?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



 

समितीने आम्हाला 'शिक्षण' हा विषय दिला आहे. या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणावर कुणी ना कुणी बोलतंच. स्पर्धा परीक्षा, कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती, राखीव जागा, सगळ्यावर बोललं जातं आणि ते बोललं पाहिजेच. पण हे सगळं पोर पंधरा-सोळा वर्षांचं झाल्यावरचं. तोवर जी मुलं वाटेत गळून जायची ती गळून गेलेली असतात. ती कुठं गळतात? कागदावर आठवीत, नववीत गळतात. पण बारकाईने बघितलं तर त्यांचं मन पहिली-दुसरीतच शाळेतून उठून गेलेलं असतं, पुढची सहा-सात वर्षं नुसतं शरीर शाळेत जातं. म्हणून आज आम्ही पहिली-दुसरीच्या वर्गाबद्दल बोलणार आहोत. त्यातही पुस्तक आणि परीक्षा बाजूला ठेवून फक्त वर्गाच्या खोलीबद्दल बोलणार आहोत. खोलीत कोण कुठं बसतो, फळा किती उंचीवर असतो, पाणी कुठं असतं, वस्तू कुणाच्या हाताला लागतात, एवढाच आमचा विषय.

तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? तर मंडळी, त्याला तातडीचं कारण आहे. येत्या जूनपासून विहाराच्या खालच्या हॉलमध्ये पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सकाळचा वर्ग सुरू करायचा, असं समितीत ठरलं आहे. आपली बरीच मुलं दुपारच्या शाळेत जातात, आईबाप सकाळीच कामाला निघतात, आणि मुलं अकरा वाजेपर्यंत गल्लीत किंवा मोबाईलपुढं असतात. वर्ग व्हावा यावर कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते वर्धापन निधीवर. काही ज्येष्ठांचं म्हणणं, निधीतून वरच्या सभागृहाच्या चबुतऱ्याला संगमरवर बसवावा, खाली मुलांना काय, एक फळा आणि दोन सतरंज्या पुरतात. आमचं आणि काही तरुणांचं म्हणणं, यंदाचा निधी खालच्या हॉलच्या मांडणीला लागावा. निधी तुमच्या वर्गणीतून जमलेला आहे, म्हणून निर्णयाआधी तुमच्यापुढं बाजू मांडणं आम्हाला योग्य वाटतं.

बाबासाहेबांचं बालपण आपण जयंतीला नेहमी ऐकतो. आज ते जरा वेगळ्या नजरेनं बघू. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी लिहून ठेवल्या होत्या. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या पुस्तिकारूपाने छापल्या. त्यात साताऱ्याच्या शाळेचं वर्णन आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भिवाचं नाव साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेब सांगतात, वर्गात इतर मुलांमध्ये आपल्या नंबराप्रमाणे बसायची त्यांना मुभा नव्हती. एका कोपऱ्यात एकट्यानं बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून ते संध्याकाळी काखोटीला मारून घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही.

पुढं ते मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. तिथला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे. गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. इतर मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. भीमराव फळ्याला शिवायच्या आत डबे उचलायला वर्गात एकच धावपळ उडाली.

आता विचार करा. त्या वर्गात सगळ्यांचं पुस्तक एकच होतं आणि गणितही एकच होतं. पुस्तकात कुठंही लिहिलेलं नव्हतं की हा मुलगा कमी आहे. ते खोली शिकवत होती. गोणपाट, नळ, फळा आणि डबा या चार वस्तूंच्या मांडणीतून वर्गातल्या प्रत्येक पोराला रोज धडा मिळत होता. भिवाला एक धडा, बाकीच्यांना दुसरा. तो धडा बाकीचे शिकले. भिवा शिकला नाही, म्हणून आज आपण इथं मान वर करून बसलो आहोत. पण प्रत्येक पोर बाबासाहेबांएवढ्या ताकदीचं नसतं. खोलीनं दिलेला धडा साधं पोर मुकाट्याने शिकतं आणि जन्मभर विसरत नाही.

आज गोणपाट नाही. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण खोली शिकवायची थांबली आहे का? कुठल्याही वर्गात जाऊन उभे राहा. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर कायम कोण बसतं? वह्या गोळा करायला बाई कुणाला सांगतात आणि वर्ग झाडायला कुणाला सांगतात? खेळणी, तक्ते, गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, त्याची किल्ली कुणाकडं असते? कुणाला वाईट म्हणण्यासाठी आम्ही हे विचारत नाही. हे प्रश्न मायबापांनी विचारायचे असतात, एवढंच आमचं सांगणं आहे.

लहान मुलाला शिकवायचं तर हातात वस्तू हवी, हे काही पाश्चात्त्यांनी प्रथम सांगितलेलं नाही. मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. बालक राहुलाने तथागतांसाठी आसन मांडलं, पाय धुण्यासाठी पाणी ठेवलं. तथागतांनी राहुलाला खोटं न बोलण्याबद्दल उपदेश करायचा होता. त्यांनी काय केलं? पाय धुवून झाल्यावर भांड्यात थोडं पाणी शिल्लक ठेवलं आणि राहुलाला दाखवलं. जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं श्रमणपण एवढंसंच उरतं. मग ते पाणी फेकून दिलं आणि पुन्हा विचारलं. मग भांडं पालथं केलं, मग सुलटं करून रिकामं दाखवलं. पुढं आरशाचा दाखला दिला की आरशात जसं तोंड बघतो तसं आपलं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघावं. बघा, पाण्याचं भांडं आणि आरसा. दोन्ही वस्तू रोजच्या. भांडं तर मुलाने स्वतःच आणलेलं. तथागतांची बालवर्गातली साधनं ही अशी होती.

आधुनिक काळात हेच काम मारिया माँटेसरी या बाईंनी केलं. १९०७ साली रोम शहरात सान लोरेन्झो नावाच्या कामगार वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. मुलं कोणाची? मजुरांची. आईबाप कामावर गेले की जिन्यांवर आणि आवारात हुंदडणारी, आपल्या चाळीतल्या पोरांसारखीच. माँटेसरीबाईंनी मुलांच्या मापाच्या हलक्या खुर्च्या आणि टेबलं केली, मुलाचा हात पोचेल अशी ठेंगणी कपाटं केली, आणि मुलाने स्वतः वस्तू घ्यावी, वापरावी, जागेवर ठेवावी अशी व्यवस्था लावली. पुढं ही पद्धत श्रीमंतांच्या शाळांची झाली आणि तिची फी आपल्या आवाक्याबाहेर गेली. पण तिचा जन्म कामगार वस्तीत झाला, हे आपण विसरायचं कारण नाही.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती पद्धत गरिबाच्या दारात आणली. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी (आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो) त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. १९५७ साली ते काम कोसबाडच्या आदिवासी भागात गेलं. महागडी लाकडी साधनं तिथं कोण देणार? त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांचीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणताना शाळा मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला नाव दिलं कुरणशाळा. पुढं २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. म्हणजे चांगला वर्ग मांडायला पैसा लागतो त्याहून जास्त लागते ती नजर.

आणखी एक जवळचं उदाहरण सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांचं नाव २०१५ च्या सुमारास सगळ्या महाराष्ट्रात झालं. राज्यभरातून शिक्षक ते वर्ग बघायला गेले. तिथं काय होतं? पहिली-दुसरीच्या वर्गातून बाक काढलेले. मुलं फरशीवर गटागटाने बसलेली. फरशीवरच अंक, अक्षरं, खेळाचे चौकोन रंगवलेले. भिंतीच्या खालच्या भागाला चहूकडून काळा रंग देऊन मुलांसाठी फळे केलेले, त्यांना तळफळे म्हणतात. प्रत्येक पोराला लिहायला स्वतःचा फळा. आम्हाला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्या साताऱ्यात भिवाला कोपऱ्यात गोणपाटावर बसावं लागलं, त्याच साताऱ्याच्या सरकारी शाळांत शंभर-सव्वाशे वर्षांनी मुलं एकाच फरशीवर गोल करून बसली आणि फळा सगळ्यांचा झाला. खोली बदलता येते ती अशी.

आता आपल्या हॉलचं बोलू.

आम्ही गिरणी कामगार. मांडणीचं महत्त्व आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. गिरणीत कापूस एका टोकाने आत येतो आणि कापड दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. मधली खाती अशी लावलेली असतात की माल उगाच मागे-पुढे फिरू नये. जुन्या गिरण्यांच्या साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असायचं. का? तर उत्तरेकडचा एकसारखा उजेड साच्यावर पडावा, ऊन पडू नये, तुटलेला धागा डोळ्याला दिसावा. शंभर वर्षांपूर्वी मालकाने सुताच्या धाग्यासाठी एवढा विचार केला. मग आपल्या पोराच्या डोळ्यासाठी आपण उजेडाचा विचार नको का करायला?

आपल्या वस्तीतल्या दोन मुली डी.एड. झाल्या आहेत. त्या आणि आम्ही मिळून हॉलचा आराखडा केला, तो मागच्या भिंतीवर लावलेला आहे. त्यातल्या मुख्य गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, बसणं. मुलं रांगेत बसणार नाहीत. पाच-पाच, सहा-सहाचे गट करून गोल बसतील. गट दर पंधरवड्याला बदलतील. कायमचा पुढचा नाही, कायमचा मागचा नाही. ज्याला कमी दिसतं, कमी ऐकू येतं, तो मात्र बाईंजवळ. डावखुऱ्या मुलाला गटाच्या डाव्या कडेला बसवायचं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही आणि त्याला कुणी "हात बदल" म्हणून दटावत नाही. खिडकी शक्यतो मुलांच्या डाव्या हाताला ठेवायची, कारण उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्याला त्याच्या उलट. बाईंचं टेबल एका बाजूला राहील. बाईंनी टेबलामागं बसायचं नाही, गटागटात खाली बसायचं.

दुसरी गोष्ट, फळा. मोठा फळा एक राहील, पण खिडकीच्या अगदी समोर नाही, तिथं तो चमकतो आणि अर्ध्या मुलांना दिसत नाही. त्याशिवाय दोन भिंतींना जमिनीपासून मुलाचा हात पोचेल तिथपर्यंत काळा रंग द्यायचा. सहा वर्षांच्या पोराला छोट्या वहीच्या दोन रेघांत अक्षर बसवायला फार कष्ट पडतात. त्याची बोटं अजून कच्ची असतात. भिंतीवर मोठ्ठं अक्षर काढताना त्याचा सबंध हात फिरतो. चुकलं तर फडक्याने पुसलं, संपलं. वहीतली चूक लाल शाईने राहते, फळ्यावरची चूक राहत नाही. भित्र्या मुलाला याचा फार आधार असतो.

तिसरी गोष्ट, कोपरे. चार कोपऱ्यांना चार कामं. एक वाचनाचा. तिथं पुस्तकं कपाटात नाहीत, भिंतीला दोरी बांधून त्यावर मुखपृष्ठ दिसेल अशी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर अडकवायची. पोर पुस्तकाचा कणा बघून पुस्तक उचलत नाही, चित्र बघून उचलतं. पुस्तक फाटेल ही भीती आहे. फाटलं तर चिकटवायला शिकवू, कुलपात शाबूत राहिलेल्या पुस्तकाचा कुणाला काही उपयोग नाही.

दुसरा कोपरा गणिताचा. चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणं, काड्या. दहा काड्यांचा एक गठ्ठा बांधला की तो दशक, बाहेर राहिल्या त्या सुट्या. ज्या पोराने स्वतःच्या हाताने गठ्ठे बांधले, त्याला तेवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि तीन काड्या हे जन्मात विसरत नाही. मग हातच्याची वजाबाकी करताना गठ्ठा सोडायचा असतो, हे सांगावं लागत नाही, तो आपोआप सोडतो. शंभर मण्यांची माळ एक, दहा पांढरे, दहा लाल अशी ओवलेली. फरशीवर एक ते वीस आकडे रंगवायचे, उड्या मारत बेरीज करायची. आपल्या बाजारात भाजी विकणाऱ्या भगिनी तोंडी हिशोब किती चोख करतात! त्यांच्या मुलांना गणित येत नाही, हे खरं कसं असेल? कागदावरचं गणित त्यांना वस्तूपासून तोडून दाखवलं जातं, तिथं अडतं.

तिसरा कोपरा चित्राचा आणि मातीकामाचा. चौथा दुकानाचा. रिकामे डबे, तराजू, कागदी नोटा. एक पोर दुकानदार, एक गिऱ्हाईक. खेळताना ती पाटी लिहितात, भाव वाचतात, पैसे मोजतात, बोलतात. आपल्याला वाटतं खेळ चाललाय. तो खेळ आहेच, आणि अभ्यासही आहे.

प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळावं म्हणून त्या जागेवर त्या वस्तूचं चित्र आणि खाली नाव. वस्तू मुलानेच घ्यायची, मुलानेच ठेवायची. गिरणीत नवा बदली कामगार पहिल्या दिवशी अवजार जागेवर ठेवायला शिकतो, कारण पुढच्या पाळीवाल्याला ते अंधारातही सापडलं पाहिजे. दुसऱ्याची सोय बघणं हे शील आहे, आणि ते असं रोजच्या कामातून अंगी येतं.

चौथी गोष्ट, पाणी. एकच पिंप, त्याला मुलाच्या उंचीचा नळ, आणि सगळ्यांना सारखे पेले. नळ सोडायला कुणाची परवानगी लागणार नाही. पिंप भरायची, पेले विसळायची, वर्ग झाडायची पाळी क्रमाने सगळ्यांची, मुलग्यांची आणि मुलींचीही. हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लागेल, कुणाच्या मर्जीने नाही. १९२७ साली महाडला ज्यांच्या पूर्वजांनी पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्यांच्या विहारात मुलाने पाण्यासाठी तोंड बघत बसावं, हे होणे नाही.

पाचवी गोष्ट, डबा. खाऊ खाताना गोल. ज्याने डबा आणला नाही त्याला समितीकडून चणे-गूळ, तोही त्याच गोलात, बाजूला बसवून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला. त्या जेवणाने पोट भरतंच, पण एका पंगतीत बसून खाल्ल्याने आणखीही काही घडतं.

सहावी गोष्ट, भिंती. भिंतीवर बाजारातले चकचकीत तक्ते कमी आणि मुलांचं काम जास्त. तथागतांचं आणि बाबासाहेबांचं चित्र योग्य उंचीवर राहीलच. पण मुलांची चित्रं, त्यांची नावं, त्यांनी सांगितलेली आणि ताईने लिहून घेतलेली वाक्यं मुलांच्या उंचीवर लागतील आणि दर महिन्याला बदलतील. पोर जे बोलतं तेच लिहिलेलं दिसलं की त्याला कळतं, लिहिणं म्हणजे आपलंच बोलणं. इथं एक नाजूक गोष्ट सांगतो. आपली मुलं घरची बोली घेऊन येतात. कुणी 'व्हतं' म्हणतं, कुणी 'न्हाई' म्हणतं. चाळीत आता हिंदी बोलणाऱ्यांचीही मुलं आहेत. त्यांच्या बोलण्याला हसायचं नाही. पुस्तकाची भाषा हळूहळू येईल. पण आईची भाषा चुकीची आहे असं ज्या दिवशी मुलाला कळतं, त्या दिवशी ते वर्गात बोलायचं बंद होतं.

आणि सातवी गोष्ट, वेळ. सुरुवातीला त्रिसरण-पंचशील, दोन मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, मग गोलात गप्पा. काल काय पाहिलं, काय खाल्लं, कुणाशी भांडण झालं. मग वाचन-लेखन, मग अंगमेहनतीचा खेळ, मग गणित, शेवटी गोष्ट. एक काम वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. बसून, मग उभं राहून, मग पुन्हा बसून. सहा वर्षांच्या पोराला तासभर हाताची घडी घालून बसवणं ही शिक्षा आहे, आणि मुलांना शारीरिक शिक्षा वा मानसिक त्रास देण्याला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केलेली आहे. योगायोग पाहा, संविधानातही कलम १७ आणि या कायद्यातही कलम १७.

आता ज्येष्ठांच्या शंका. त्या रास्त आहेत.

विहाराचं पावित्र्य राहील का? हॉलमध्ये पौर्णिमेचा कार्यक्रम असतो, रविवारची वंदना असते. म्हणून सगळी मांडणी पेट्यांतून आणि दोरीवर केली आहे. पंधरा मिनिटांत वर्ग मांडता येईल आणि तेवढ्याच वेळात आवरता येईल. रंगवलेल्या भिंती आणि फरशी मात्र राहतील. आम्हाला विचाराल तर त्यांनी वंदनेला बाधा येत नाही. विहार हा शब्द भिक्खूंच्या निवासाचा आहे, आणि नालंदा हा विहार होता तसंच विद्यापीठही होतं. जिथं धम्म शिकला जातो तिथं अक्षर शिकलं तर विटाळ कसला?

गोंधळ होईल का? होईल. गटात बसलेली मुलं बोलणार. पण गोंधळ आणि कामाचा आवाज यात फरक असतो. साच्यांच्या खडखडाटात आम्ही ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलायचो, आणि खात्यात शिरताच आवाजावरून कळायचं की साचे नीट चाललेत की काही बिघडलंय. ताईंनाही महिनाभरात तो कान येईल.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बाक असतात, टाय असतो, तिथं असं जमिनीवर बसवत नाहीत, असंही काही पालक म्हणतात. माध्यम कुठलंही निवडा, तो तुमचा अधिकार आहे. पण टाय बघून शाळा निवडू नका, वर्ग आतून बघून निवडा. आणि जमिनीवर बसण्यात कमीपणा नाही. एकाला जमिनीवर आणि बाकीच्यांना बाकावर बसवण्यात कमीपणा होता. सगळे मिळून गोल बसले की ती जमीन समतेची होते.

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळेची मापं दिलेली आहेत. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली, मुलगे-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, मैदान, वाचनालय, खेळाचं साहित्य. हे मागणं भीक नाही, हक्क आहे. तेव्हा आपल्या सकाळच्या वर्गामुळे शाळेची जबाबदारी संपत नाही. उलट, इथं चांगला वर्ग कसा असतो हे एकदा बघितलं की तुम्ही शाळेत जाऊन तसाच मागाल.

म्हणून मुलाच्या शाळेत जाल तेव्हा नुसतं "कसा आहे अभ्यासात?" एवढंच विचारून परत येऊ नका. वर्गात शिरा. आपल्या पोराच्या जागेवर खाली बसून बघा, तिथून फळा दिसतो का? पोराचा हात पोचेल असं एक तरी पुस्तक आहे का? भिंतीवर त्याच्या हातचं काही लागलंय का? पाणी त्याला स्वतः घेता येतं का? मागच्या महिन्यात बसला होता तिथंच आजही बसलाय का? हे पाच प्रश्न शाळेचा दाखला नसलेली आजीसुद्धा विचारू शकते. त्याला डिग्री लागत नाही.

निधीबद्दल शेवटचं. संगमरवराला आमचा विरोध नाही. चबुतरा शोभिवंत व्हावा, ही श्रद्धा आमच्याही मनात आहे. पण बाबासाहेबांनी मुंबईत राजगृह बांधलं, ते आपल्या पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि वसतिगृह चालवून मुलांना राहायला-शिकायला जागा दिली. त्यांच्या तीन शब्दांतला पहिला शब्द 'शिका' हा आहे. तेव्हा आमची नम्र विनंती, यंदा खालची खोली होऊ द्या. संगमरवर पुढच्या वर्षी बसवू, आणि तेव्हा वर्गणी गोळा करायच्या पावत्या खालच्या वर्गातली मुलं लिहितील.

कामाची वाटणीही सांगून ठेवतो. रंगकाम तरुण मंडळाने दोन रविवारात करायचं. चिंचोके, झाकणं, काड्या, रिकामे डबे महिला मंडळाने घरोघरी जमवायचे. सुतारकाम जाणणारे उपासक पुस्तकांच्या दोऱ्यांसाठी खुंट्या आणि चार पेट्या करून देतील. ज्यांना वेळ आहे त्या आजी-आजोबांनी आठवड्यातून एकदा येऊन गोष्ट सांगायची. ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांनी आपलं मूल वेळेवर पाठवायचं, तेही मोठं दान आहे.

 समितीने मतासाठी वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने मागच्या भिंतीवरचा आराखडा बघावा, काही कमी-जास्त वाटलं तर तिथं लिहावं, आणि मगच आपलं मत द्यावं.

नमो बुद्धाय! जयभीम!